संकटात सोबत: स्तोत्र ९१ घरात बसून कसं वाचावं

सीमाभागातल्या आपल्या ख्रिस्ती घरांत बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ९१ वं स्तोत्र ऐकलेलं नाही असं माणूस सापडायचं नाही. खानापूरहून गोव्याला कामाला निघालेल्या पोराच्या बॅगेत ते चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं असतं. बाळंतिणीच्या उशाखाली असतं, नव्या गाडीच्या काचेवर असतं. पण सगळ्यांनी एकत्र बसून त्याची सोळाही वचनं शेवटपर्यंत वाचली, अशी घरं थोडी. मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. मुलांना पहिलं वचन तोंडपाठ असतं, देवदूतांचं अकरावं ओळखीचं असतं, बाकीचं कुणालाच नीट आठवत नाही. आणि स्तोत्राचा जीव तर त्या बाकीच्यातच आहे, विशेषतः शेवटच्या तीन वचनांत. म्हणून आम्ही घरी ते कसं वाचतो, ते एकेक पायरी करून लिहिते.

बसायची वेळ आणि पुस्तक

जेवणं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी बसा. भांड्यांना हात लागला की घरातली बाई परत येऊन बसत नाही, आणि तिला वगळून केलेली कौटुंबिक प्रार्थना अर्धीच राहते. टीव्ही बंद करा. मोबाइलवर वाचणार असाल तर इंटरनेट बंद करून वाचा. शक्यतो छापील पुस्तकच घ्या, कारण पुढे पेन्सिलीनं खुणा करायच्या आहेत.

भाषेची अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. सासूबाई मराठी वाचतात, सून अथणीकडची, कन्नड शाळेत शिकलेली, आणि नातवंडं इंग्रजी माध्यमात. ज्याला जी भाषा येते, त्यानं त्या भाषेत वाचावं. एकाच घरात तीन भाषांत वाचन झालं तर काही बिघडत नाही. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांना एकापेक्षा जास्त भाषांची सवय आहे. उलट फायदाच होतो. आपण ज्याला स्तोत्रसंहिता म्हणतो त्या पुस्तकाचं नाव कन्नड बायबलात ‘कीर्तनेगळु’ असं आहे. ज्या गावात सप्ताहात रात्ररात्र कीर्तन ऐकलं आहे, तिथल्या माणसाला या एका शब्दावरूनच कळतं की हे मनातल्या मनात वाचायचं नाही, मोठ्यानं म्हणायचं आहे.

जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकांत हेच स्तोत्र ९० व्या क्रमांकावर मिळेल. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत क्रमांक एकानं मागे आहेत. गोंधळून जाऊ नका, स्तोत्र तेच आहे. रविवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत कॅथलिक मंडळी ते परंपरेनं म्हणत आली आहेत, म्हणजे झोपायच्या आधी ते वाचायचा प्रघात जुना आहे.

पहिल्या दिवशी एकानं सगळं सलग वाचावं. तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्या दिवशी अर्थ सांगू नका. आपल्यापैकी ज्यांना शिकवायची सवय आहे, त्यांना हे सगळ्यात जड जातं.

कोण कुणाशी बोलतंय

दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा. या स्तोत्रात आवाज बदलतात, आणि ते लक्षात न घेता वाचलं की सगळं एकसुरी होतं. पहिल्या दोन वचनांत एक माणूस स्वतःच्या विश्वासाबद्दल बोलतो: परमेश्वर माझा आश्रय, माझा दुर्ग, माझा देव. तिसऱ्या वचनापासून ‘तू’ सुरू होतं. दुसरं कुणीतरी त्या माणसाला धीर देऊ लागतं, आणि ते तेराव्या वचनापर्यंत चालतं. चौदाव्या वचनापाशी परमेश्वर स्वतः बोलू लागतो. शेवटची तीन वचनं पूर्णपणे त्याची. या दोन्ही ठिकाणी आडव्या रेघा मारा.

मग वचनं वाटून घ्या. पहिली दोन त्या माणसाला द्या, ज्याला सध्या काळजी आहे किंवा जो प्रवासाला निघाला आहे. मधला भाग घरातल्या वडीलधाऱ्यांनी वाचावा, आणि वाचताना पुस्तकात डोकं घालून न बसता अधूनमधून त्या माणसाकडे बघावं. ते त्यालाच सांगायचं आहे.

शेवटचा भाग, परमेश्वराचा आवाज, कुणी वाचायचा? आमच्याकडे आधी तो आपोआप घरातल्या कर्त्या पुरुषाकडे जायचा. एकदा घसा बसला म्हणून त्यानं पुस्तक नऊ वर्षांच्या भाचीकडे सरकवलं. ती बोट ठेवून एकेक शब्द जोडत वाचते. “संकटात... मी... त्याच्या... सोबत...” प्रत्येक शब्दाला थांबत होती, त्यामुळे आम्हालाही प्रत्येक शब्दाला थांबावं लागलं. त्या रात्रीपासून तो भाग घरातल्या सगळ्यात लहान वाचकाकडे असतो.

चार नावं, आणि आसऱ्याची चार चित्रं

तिसऱ्या बैठकीला फक्त पहिली चार वचनं घ्या. दोन वचनांत देवाची चार नावं आली आहेत: परात्पर, सर्वसमर्थ, परमेश्वर आणि माझा देव. पहिली दोन उंचीची आणि सामर्थ्याची. तिसरं त्यानं स्वतःच्या लोकांना सांगितलेलं नाव. चौथ्यात ‘माझा’ हा एवढासा शब्द येऊन सगळं घरातलं होऊन जातं. मुलांना ही नावं क्रमानं म्हणायला लावा, उतरत्या पायऱ्यांसारखी ती जवळ जवळ येत जातात.

पहिल्या वचनात दोन क्रियापदं आहेत. एक बसण्या-राहण्याचं. दुसऱ्याचा मूळ हिब्रू अर्थ रात्रीचा मुक्काम करणं असा आहे. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे समजवायला ‘वस्तीची गाडी’ पुरते. संध्याकाळची शेवटची बस गावात येते, रात्रभर देवळापुढे उभी राहते आणि पहाटे माणसं घेऊन निघते. दिवसा दहा बस येऊन जातात, पण गावाला भरवसा त्या वस्तीच्या गाडीचा असतो. सर्वसमर्थाच्या सावलीत मुक्काम म्हणजे तसा. अडल्यावेळी धावत जाऊन परत येणं नव्हे, रात्र तिथंच काढणं.

दुर्ग म्हणताना बेळगावचा किल्ला डोळ्यांपुढे आणू नका. तो खंदकाचा भुईकोट. हिब्रू शब्दात डोंगरावरच्या अवघड जागेची छटा आहे, आपल्याकडचा येळ्ळूरचा राजहंसगड तिला जवळचा. मुलांना एखाद्या रविवारी येळ्ळूरला न्या. गडावर उभं राहिल्यावर खालची शेतं, रस्ते सगळं उघडं दिसतं, वर येणारा माणूस कितीतरी आधी नजरेत येतो. परत आल्यावर दुसरं वचन वाचा.

तिसऱ्या वचनात ‘पारध्याचा पाश’ येतो. इथं एक सांभाळायला हवं. आपल्या भागात पारधी हे एका समाजाचं नाव आहे, आणि त्या माणसांनी संशय आणि मार भरपूर सोसला आहे. स्तोत्रात कुठल्याही जातीबद्दल काही नाही. पाखरासाठी लावलेला फास, एवढाच अर्थ आहे. मुलांना सांगताना ‘फास’ म्हणा आणि का म्हणतो तेही सांगा.

चौथ्या वचनातले पंख मात्र मी कुणाला शब्दांनी समजावत नाही. गावी आमच्या अंगणात कोंबड्या असायच्या. मृगाच्या आधीच्या उन्हात एकदा घारीची सावली खळ्यावरून सरकली. आम्हाला सावली दिसायच्या आधी कोंबडीला दिसली. तिनं घशातून एक वेगळाच आवाज काढला, दाणे टिपताना काढते तसा नव्हे, खोल आणि थरथरता. सात-आठ पिल्लं होती तिथून धावत आली. ती जागच्या जागी खाली बसली, पंख जमिनीला टेकवून फुगली, आणि अंगण एकदम रिकामं दिसायला लागलं. एका पिल्लाचा पिवळा पाय तेवढा पिसांतून बाहेर होता. घार दोनदा फिरून गेली. कोंबडीनं घारीला मारलं नाही, तिला ते शक्यही नव्हतं. ती मधे बसली, एवढंच. घार गेल्यावर बऱ्याच वेळानं पिसांतून एक चोच बाहेर आली.

हे सांगून झालं की दोन संदर्भ उघडा. रूथ २:१२ मध्ये शेताचा मालक बवाज परक्या देशातून आलेल्या रूथ या विधवेला म्हणतो की ती परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयाला आली आहे. तिथं सुगी चालू आहे. आणि मत्तय २३:३७ मध्ये प्रभू येशू यरुशलेमकडे बघून स्वतःला कोंबडीची उपमा देतो, आणि तुम्हीच आला नाहीत म्हणतो. पिल्लांनी यावं लागतं.

स्वतःच्या भीतीचा कागद

पाचव्या-सहाव्या वचनांत भीती दिवसाच्या वेळांप्रमाणे मांडली आहे: रात्रीचं भय, दिवसा उडणारा बाण, अंधारात फिरणारी मरी, दुपारी होणारा नाश. चोवीस तास यात आले. एक कोरा कागद घ्या, घडी घालून चार भाग करा आणि प्रत्येकानं आपापलं लिहावं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं लिहून घ्यावं. एकमेकांचे कागद वाचायचे नाहीत, कुणी आपणहून वाचून दाखवला तर ऐकायचं.

काय येतं या कागदांवर? रात्रीच्या रकान्यात चोर्ला घाटातून येणारा मुलगा. गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, जी मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ गेल्यावर दिसते. पत्र्यावर जोराचा पाऊस लागला की उठून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी चढल्या, गोकाक-चिकोडीकडच्या कित्येकांनी घर पाण्यात जाताना बघितलं. दिवसाच्या रकान्यात कुणी लिहितं की कचेरीतून आलेला कन्नड कागद नीट समजत नाही आणि विचारायची लाज वाटते. मरी म्हटलं की हल्ली सगळ्यांना कोविडच आठवतो. त्याआधीच्या पिढ्यांना प्लेग आठवायचा. १८९६ नंतर तो मुंबई इलाख्यात पसरला आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. दुपारच्या रकान्यात उन्हाळा, शेतात तुटून पडलेली विजेची तार, आणि एका आजींनी सांगितलेलं: दुपारी सगळे कामावर जातात तेव्हा मी एकटी असते.

लिहून झालं की कागद हातात धरून पाचवं वचन पुन्हा वाचा. स्तोत्रात भीतीची नावं घेतली आहेत, झाकलेली नाहीत. ‘घाबरू नको’ म्हणायच्या आधी कशाला घाबरायचं ते मोजून सांगितलं आहे. तुम्हीही तसंच करा. “काही होत नाही गं” म्हणून कुणाचा कागद मिटवू नका.

सातवं वचन

आता अवघड जागा. तुझ्या बाजूला हजार पडतील, तुझ्या उजव्या हाताला दहा हजार, पण ते तुझ्याजवळ येणार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात आमचे आप्पा दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. संध्याकाळी एक नर्स त्यांच्या कानाला फोन लावून धरायची आणि मी इकडून हे स्तोत्र वाचायची. पहिल्या दिवशी वाचलं. दुसऱ्या दिवशी सातव्या वचनापाशी आवाज फुटेना, कारण शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ सकाळी गेल्याचं कळलं होतं. पलीकडून आप्पाच दम लागत लागत म्हणाले, “फुडं वाच.” मी वाचलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यानंतर कितीतरी महिने मी ते पान उघडलं नाही. भेटायला आलेल्यांत एक जण म्हणून गेले की विश्वास कमी पडला असेल. हे वाक्य कुठल्याही घरात, कुणाच्याही तोंडून, कधीही निघू नये. आप्पांच्या विश्वासाचं माप घेणारे आपण कोण?

पान पुन्हा उघडलं तेव्हा जे समजलं, ते पायरी म्हणून सांगते. सातवं वचन एकटं काढून वाचू नका, त्याला त्याच्या शेजाऱ्यांत ठेवा. आधीचं ९० वं स्तोत्र काढा. शीर्षकात ते मोशेची प्रार्थना आहे, आणि त्यात साफ म्हटलंय की आमचं आयुष्य सत्तर वर्षांचं, फार तर ऐंशी, आणि आम्ही उडून जातो. संहिता लावणाऱ्यांनी ही दोन स्तोत्रं लागोपाठ ठेवली. दोन स्तोत्रं मागे जा, ८८ वं शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तेही याच पवित्र शास्त्रात आहे. मग दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातलं १७ वं आणि १८ वं वचन वाचा. भट्टीपुढे उभे असलेले तिघं राजाला म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. यहुदी लोक हे ९१ वं स्तोत्र झोपताना म्हणतात, आणि मयताला पोहोचवायला जातानाही म्हणतात. मरणार नाही एवढाच त्याचा अर्थ असता, तर ते कबरीच्या वाटेवर कुणी म्हटलं असतं का?

आणि मग पंधरावं वचन. हिब्रूत तिथं क्रियापदच नाही: ‘त्याच्यासोबत मी, संकटात.’ आपल्या मराठीतही हे जसंच्या तसं म्हणता येतं. संकट येईल हे परमेश्वरानं स्वतःच्या तोंडानं धरलेलं आहे. आप्पांच्या खाटेजवळ आमच्यापैकी कुणालाच जाता येत नव्हतं. कोण जाऊ शकत होतं, ते या तीन शब्दांत लिहिलंय. त्यांना सातवं वचन वाचूनसुद्धा पुढे ऐकायचं होतं, ते बहुतेक यासाठी.

चौदाव्या वचनातलं ‘प्रेम’ही जरा थांबून वाचा. मूळ शब्दात चिकटून राहण्याचा भाव आहे. ‘त्यानं माझ्यावर जीव लावला’ असं मी मुलांना सांगते. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात परमेश्वरानं इस्राएलावर जीव लावला, तिथंही हाच शब्द आहे.

ताईत करू नका

हे स्तोत्र ताईतासारखं वापरायची ओढ आजची नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथं, अकराव्या गुहेत १९५६ साली एक जुनी गुंडाळी मिळाली, तीत हे स्तोत्र भुतं घालवायच्या प्रार्थनांसोबत लिहिलेलं आहे. उशाखाली चिठ्ठी ठेवणाऱ्या आजीला मी रागावत नाही, तिचा जीव घाबरलेला असतो. पण चिठ्ठी ठेवून वाचन थांबलं असेल, तर ती चिठ्ठी काढून तिच्यापुढे वाचा.

आणि मुलांना हे दाखवाच: बायबलात हे स्तोत्र सैतानानं वापरलं आहे. मत्तय ४:६. मंदिराच्या टोकावर उभं करून तो येशूला म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय. बोट ठेवून अकरावं वचन आणि सैतानाचं बोलणं शेजारी ठेवा. ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करावं’ हे शब्द त्यानं गाळले आहेत. मार्ग सोडून हवेत उडी मारायला सांगायचं असेल, तर मार्गाचं नाव घेऊन कसं चालेल? आणि तो बाराव्या वचनाशी थांबतो. तेराव्यात सापाला पायाखाली तुडवायचं आहे. येशूनं अनुवाद ६:१६ मधून उत्तर दिलं: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको.

यातून घरात पाळायच्या गोष्टी सरळ निघतात. काचेवर वचन लावलं तरी हेल्मेट घालायचं. ताप तीन दिवस उतरत नसेल तर प्रार्थना करत करत डॉक्टरकडे जायचं. भातकापणीत पायात बूट घालायचे, आणि नाग चावला तर मांत्रिकाकडे किंवा नुसत्या प्रार्थनेला न बसता ताबडतोब सरकारी दवाखाना गाठायचा. चालू असलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी सभेतल्या उपदेशकाच्याही, बंद करायचं नाही.

आजाऱ्याजवळ वाचताना

आधी विचारा: “वाचू का?” नको म्हटलं तर नुसतं बसा. वाचायचं असेल तर चौदा ते सोळा एवढंच वाचा, हळू. माणूस अगदी थकला असेल तर फक्त पंधरावं. ‘त्याच्या’ऐवजी ‘तुझ्या’ म्हणायला हरकत नाही, नाव घेतलं तर आणखी बरं. हात धरता येत असेल तर धरा. नुकतंच ज्या घरात माती झाली आहे तिथं सातवं आणि दहावं वचन वाचू नका. त्यांची वेळ ते घरच सांगेल.

पाठ करायला मुलांना शेवटाकडून सुरू करायला लावा. आठवड्याला एक वचन: आधी सोळावं, मग पंधरा आणि सोळा, मग चौदापासून. अशानं जे सगळ्यात जास्त वेळा म्हटलं जातं ते परमेश्वराचं बोलणं असतं, आणि मधेच विसरायला झालं तरी पुढची वाट दर आठवड्याला आणखी ओळखीची होत जाते. सोळा आठवड्यांत पहिल्या वचनापाशी येता. आमची भाची आता तिथं पोहोचली आहे. अडखळणं गेलंय तिचं, पण पंधराव्याला ती अजून थांबते, आणि आम्ही कुणी तिला पुढे ढकलत नाही.